थोडं जड

जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी रचलेली आहेत, त्यांच्यावर पाय मोडलेली एक खुर्ची उलटी टाकलेली आहे, आणि त्या सगळ्या पसाऱ्याखालून एक काळा पट्टा आणि दोन लोखंडी दांडे बाहेर आलेले दिसतात. मित्रांनो, ती मी. एक जुनी ट्रेडमिल. तुम्ही दार ढकलून आत डोकावलात म्हणून बोलते आहे. एरवी इथे माणसं झाडू ठेवायला येतात आणि ठेवून जातात.

माझ्यावर लोक वर्षानुवर्षं चालले आणि कुठेच पोचले नाहीत, अशी माझी थट्टा करतात. ती थट्टा मला लागत नाही, कारण ती खोटी आहे. पुष्कळ जण चांगल्या ठिकाणी पोचले. एकजण मात्र जिथे पोचायला नको होता तिथे पोचला. त्याचीच गोष्ट सांगणार आहे, आणि ती गोड करून सांगणार नाही. मला ते जमत नाही, आणि जमलं असतं तरी तशी सांगितली नसती.

कारखान्यात मला आधी मोटर बसवली, मग चौकट, मग पट्टा. पट्टा ताणणाऱ्या कामगाराने चप्पल बाजूला काढली आणि अनवाणी पायाने माझ्यावर चढला. नव्या वस्तूवर चपलेने चढू नये, एवढंच त्याच्या मनात असेल. तो चालला, मी चालले. त्याच्या टाचेला भेग होती, गुडघा कुरकुरत होता आणि त्याला घरी जायची घाई होती, हे मला तेवढ्यात कळलं. तेव्हापासून माझं असंच आहे. तोंडाने माणूस काहीही सांगतो. पायाने खोटं बोलायचं त्याला सुचत नाही.

मला एका मोठ्या रुग्णालयाने घेतलं. मागच्या उतारावरून ढकलत तळघरात नेलं. खोलीला फिकट हिरवा रंग होता आणि एका कोपऱ्यात ओल येऊन त्याला फोड आले होते. छताला लागून एक आडवी खिडकी होती. ती बाहेरच्या रस्त्याच्या पातळीला यायची, म्हणून तिच्यातून माणसं दिसत नसत, त्यांचे पाय दिसत. आणि चाकं. खिडकीसमोरच बसचा थांबा होता. मला भिंतीकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून उभं केलं. माझ्या शेजारी एक जागची न हलणारी सायकल आणि दारापाशी बूट ठेवायची लाकडी मांडणी.

तिथे एक मोठं संशोधन चालू होणार होतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांना पूर्वी सांगायचे, पडून राहा. माणूस पडून राहायचा आणि पडूनच संपायचा. त्यांना बेताने, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत चालवलं तर ते लवकर बरे होतात का, हे तपासायचं होतं. त्यासाठी रुग्णांचे दोन गट केले. कुणाला कुठल्या गटात घालायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, बंद पाकीट उघडायचं आणि आत जे निघेल ते मानायचं. एका गटाने इथे येऊन व्यायाम करायचा, दुसऱ्याने घरी नेहमीचं औषधपाणी घ्यायचं. शेवटी दोघांची तुलना.

स्पष्ट सांगते, विचार चांगला होता. पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून कुणी चालण्याला नावं ठेवू नयेत. ज्या बाईला वेणी घालताना धाप लागायची, ती काही महिन्यांत नातवाला कडेवर घेऊन जिना चढली. तिचे पाय मी ओळखते. आले तेव्हा भिजलेल्या कापडासारखे होते, गेले तेव्हा टपटप वाजत होते. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मोठे डॉक्टर, म्हणजे हे संशोधन चालवणारे, माझ्या दांड्यावर हात ठेवून उभे होते.

रोजचं काम मात्र ताईकडे होतं. ती व्यायाम घेणारी तरुण मुलगी. सगळे तिला ताईच म्हणत, तिच्या आजोबांच्या वयाचेसुद्धा. हसतमुख, मायाळू, कुणाला उणं बोलायची नाही. वाईट माणसाने केलेली चूक कळते तरी. मायाळू माणसाची चूक कुणाच्या ध्यानातच येत नाही.

भिंतीवर एक पाटी होती. खालून वर पायऱ्यांसारखे शब्द लिहिलेले: अगदी हलकं, हलकं, थोडं जड, जड, फार जड. ती पाटी शोभेची नव्हती. हृदयाच्या रुग्णांना जी औषधं देतात त्यांनी नाडी बांधल्यासारखी होते. आतून जीव घाबरा झाला तरी आकडा फारसा चढत नाही. म्हणून माणसालाच विचारावं लागतं, बाबा रे, तुला कसं वाटतंय? माझ्या तोंडावर दिव्यांचे आकडे लुकलुकत असतात, पण त्या आकड्यांच्या पलीकडचं सांगायला ती पाटी होती.

पहिल्या दिवशी ताईने सगळ्यांना समजावलं, "मी मध्येच विचारीन. जे वाटेल ते सांगायचं. आपल्याला ‘थोडं जड’पर्यंत जायचंय बरं का. खाली राहिलात तर फायदा नाही, वर गेलात तर धोका."

सायकलवर एक बाई बसल्या होत्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांना सगळे हेडबाई म्हणत. पाकिटातून व्यायामाचा गट निघाला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "जन्मात कधी लॉटरी लागली नाही. आता लागली ती ही सायकल, तीही जागची न हलणारी." ताईचं बोलणं ऐकून त्यांनी चष्म्यावरून पाटीकडे बघितलं.

"ताई, तुझा पेपर फुटलाय गं. बरोबर उत्तर भिंतीवरच लावलंयस."

सगळे हसले. ताईही हसली. मी हसले नाही.

कारण तसंच झालं. छातीत दुखलं, चक्कर आली, ‘फार जड’ वाटलं असं कुणी म्हटलं की व्यायाम थांबायचा, तपासण्या व्हायच्या, कधी कधी नावच कमी व्हायचं. नाव कमी झालं की ती हिरवी खोली सुटली, ताई सुटली, आठवड्याच्या शेवटी न चुकता आलेल्यांसाठी वाजणाऱ्या टाळ्या सुटल्या. घरी परत पलंगावर. मग कोण खरं सांगेल? थोड्याच दिवसांत ताईचा प्रश्नही बदलला. आधी ती विचारायची, "कसं वाटतंय?" मग विचारू लागली, "थोडं जड ना, काका?" आणि काका म्हणायचे, "हो, थोडं जड." मावशी म्हणायच्या, "थोडं जड." ज्यांचे पाय पिसासारखे पडत होते ते म्हणायचे थोडं जड, आणि ज्यांचे पाय शिशासारखे पडत होते तेही म्हणायचे थोडं जड. ताई ते लिहून घ्यायची. मोठे डॉक्टर ते बघून खूश व्हायचे. सगळ्यांची प्रगती कशी सारखी, कशी सुरेख!

आणखी एक सांगायचं राहिलं. माझ्या तोंडापाशी एक लाल दोरी आहे, तिच्या टोकाला चिमटा. तो चालणाऱ्याने आपल्या कॉलरला लावायचा. माणूस मागे पडू लागला की दोरी ओढली जाते आणि मी जागच्या जागी थांबते. माझ्या अंगातला सगळ्यात शहाणा अवयव तोच. पण दोरी आखूड होती. कुणी खोकलं, कुणी घाम पुसायला वळलं की मी थांबायची आणि सगळं पहिल्यापासून. मग एक दिवस कुणीतरी वैतागून चिमटा दांड्यालाच लावून टाकला. दुसऱ्या दिवशी तो कुणी काढला नाही. तिसऱ्या दिवसापासून तो तिथलाच झाला. नवा माणूस आला की त्याला वाटायचं, दोरी दांड्याला बांधण्यासाठीच असते.

अशा खोलीत ड्रायव्हरकाका आले.

शहराच्या बसचे ड्रायव्हर. रुंद खांदे, दाट मिशी, आणि कुणाशी बोलताना मान न वळवता समोर बघूनच बोलायची सवय. झटका त्यांना सुट्टीच्या दिवशी घरी आला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "ड्युटीवर नाही आला," ते सांगायचे. "गाडीला एक ओरखडा नाही." डेपोने त्यांना गाडीवरून उतरवून फाटकाजवळच्या खोलीत बसवलं होतं. रुग्णालयाचा दाखला आणलात तर पुन्हा गाडी देऊ, असं सांगितलं होतं. दाखला मिळणार होता शेवटच्या चाचणीत पास झाल्यावर. चाचणी होणार होती माझ्यावर.

बायकोने त्यांना चालायला पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन दिले होते. ते त्यांनी खोलीतच मांडणीवर ठेवले होते, सगळ्यात वरच्या फळीवर, ताईच्या डोळ्यांसमोर. ते बूट घालून काका माझ्यावर चढायचे तेव्हा स्टिअरिंगवर बसल्यासारखे ताठ व्हायचे. सुरुवातीला त्यांची पावलं एकसारखी, ठाम पडायची. मला आवडायची. आणि मग एक दिवस ताईने चढ जरा वाढवला, आणि त्यांचं डावं पाऊल अर्ध्यात अडखळलं. पुढचं टोक पट्ट्याला घासून गेलं. छातीत कळ आली की माणूस श्वास धरतो, आणि श्वास धरला की पाय ओढत येतो. लगेच त्यांचे दोन्ही हात दांड्यांवर आले आणि अंगाचा निम्मा भार त्यांनी हातांवर टाकला.

"थोडं जड ना, काका?"

"थोडं जड," काका समोर बघत म्हणाले.

मित्रांनो, दांडा धरून चालणं म्हणजे चालणं नव्हे. पाय चालल्याचं दाखवतात आणि भार हात वाहतात. माझ्या तोंडावर आकडा दिसतो चढाचा, आणि हृदयाला काम पडतं सपाटीचं. ताई रोज म्हणायची, "काका, हात सोडा." ते सोडायचे. तिची पाठ वळली की बोटांची टोकं परत दांड्यावर.

हेडबाईंनी मात्र बघितलं. शाळेत जन्म गेलेला, कॉपी करणारा हात त्यांना लांबून कळायचा. ताई पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा त्या सायकल थांबवून म्हणाल्या,

"काय हो ड्रायव्हरसाहेब, ओठ निळे झालेत. कुठल्या कंपनीची लाली?"

"बाई, तुम्ही तुमची सायकल चालवा."

"माझी सायकल कुठे पळून जात नाही. दुखतंय का?"

काका समोर बघतच म्हणाले, "दाटल्यासारखं होतं जरा. जातं लगेच."

"मग सांगा तिला."

"सांगितलं की थांबवणार. थांबवलं की दाखला नाही." त्यांनी पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "फाटकावर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहितो मी बाई. काल आलेली पोरं मला बघून हॉर्न वाजवतात, म्हाताऱ्या कुत्र्याला शीळ घालावी तशी. घरी बायको चहा देते तो पण अर्धा कप. आजाऱ्याला देतात तसा."

"अर्ध्या कपासाठी जीव देणार?"

"गाडीवर बसलो ना, की मी बरा होतो. तुम्हाला नाही कळायचं ते."

हेडबाईंना कळलं, तीच तर पंचाईत झाली. निवृत्त झाल्यापासून त्यांनाही सकाळी शाळेची घंटा ऐकू यायची, आणि त्या उठून साडीच्या निऱ्या काढायला लागायच्या, मग आठवायचं की जायचं कुठेच नाही. ताई पाणी घेऊन आली तेव्हा त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. दया आली म्हणून. दया येणं वाईट नाही. पण त्या दिवशी त्या खोलीत दयेपेक्षा एका कडक, खडूस बाईची गरज होती, आणि तशी बाई तिथे असूनही नव्हती.

चाचणीच्या दिवशी काकांच्या छातीवर तारा लावल्या. मोठे डॉक्टर स्वतः आले. चिमटा दांड्यालाच होता. मी चढाला लागले. काकांनी हात सोडले, सगळ्यांना दाखवून सोडले. मग डॉक्टर पडद्याकडे बघू लागले, ताई कागदाकडे, आणि काकांचा अंगठा आणि दोन बोटं दांड्याखालून हळूच आली. वरून दिसत नव्हती. मला कळत होती. डावा पाय घासत होता, पुन्हा घासत होता. मला ओरडता आलं असतं तर तळघर हादरलं असतं. पण मला आवाज एकच येतो, पट्ट्याचा, आणि त्याची सगळ्यांना सवय असते.

"काका, थोडं जड ना?"

"थोडं जड."

"उत्तम!" मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी काकांशी हात मिळवला. "आमच्या कार्यक्रमाचं यश आहात तुम्ही."

टाळ्या वाजल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पांढरे बूट त्यांनी मांडणीवर तसेच ठेवले. "राहू देत इथेच," ते ताईला म्हणाले, "अधूनमधून येत जाईन चालायला."

त्यानंतर खिडकीत त्यांची चाकं दिसू लागली. बस थांब्याला लागली की काका हॉर्न वाजवायचे, दोनदा, आखूड. तो ताईसाठी असायचा. ताई खिडकीकडे बघून हात हलवायची, समोर नुसते टायर असले तरी. खोलीतले सगळे हसायचे. मला त्या हॉर्नची धास्ती बसली. तो वाजेपर्यंत मला चैन पडत नसे, आणि वाजला की उद्याची काळजी सुरू.

सुरुवातीला चाकं फुटपाथच्या कडेला अशी लागायची की मध्ये हात जाऊ नये. मग ती जरा लांब राहू लागली. मग पुढचं चाक आत आणि मागचं बाहेर. ब्रेक उशिरा लागायचा, उतारूंचे पाय उतरताना भेलकांडायचे. पाय वाचायची माझी सवय, आणि आता काकांचं पाऊल त्या चाकांत गेलं होतं. ते घासत होतं, अडखळत होतं. आत मागे उभे असलेले किती जीव, पोराबाळांसकट, त्या एका पावलावर चालले होते. आणि खोलीत ताई दुसऱ्या कुणाला तरी हसत विचारत होती, "थोडं जड ना?"

हेडबाई याच दिवसांत बसने यायला लागल्या. घर जवळ असून बसने. त्या काकांच्याच बसमध्ये बसायच्या, ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर. पोटातली गोष्ट पोटात राहत नव्हती आणि ओठावर येत नव्हती, म्हणून त्यांनी हा मधला मार्ग काढला होता, पहारा देण्याचा. सिग्नलला गाडी थांबली की त्या आरशात बघून विचारायच्या, "किती?" काका आरशातूनच सांगायचे, "थोडं जड." हे मला पुढे कळलं, हेडबाईंनी रडत ताईला सांगितलं तेव्हा.

मग तो दिवस आला. भर दुपार होती. ताई एका आजोबांना माझ्यावर चढवायच्या तयारीत होती. बस आली. हॉर्न वाजला नाही.

चाकं कडेला लागली, आणि गेल्या कित्येक दिवसांत लागली नव्हती तशी लागली. सरळ, अलगद, एका रेषेत. इंजिन बंद झालं. त्या थांब्यावर एरवी चार-दोनच माणसं उतरायची. त्या दिवशी पाय उतरतच राहिले. चपला, शाळेचे काळे बूट, बाईच्या पायांमागून पोराचे पाय, एक काठी आणि तिच्यामागून येणारे दोन थरथरते पाय. कुणीही चालायला लागलं नाही. सगळे पाय बसकडे तोंड करून उभे राहिले. मग हेडबाईंच्या तपकिरी चपला उतरल्या आणि वळल्या. आणि सगळ्यात शेवटी काकांचे जाड, काळे, नोकरीचे बूट. उजवा खाली आला. डावा पायरीवर अडकला, मग ओढत खाली आला.

रुग्णालयाचं मोठं दार उजवीकडे होतं. तातडीचे डॉक्टर, पलंग, प्राणवायू, सगळं तिकडे. काका डावीकडे वळले, मागच्या उताराकडे. त्यांच्या पायांना रुग्णालय म्हटलं की हीच एक खोली माहीत होती.

दार उघडलं. ताईने वर बघितलं आणि तिचा चेहरा खुलला.

"अय्या, काका! ड्युटी सोडून? दम लागलाय बघा." आणि सवयीने, निव्वळ सवयीने तिच्या तोंडून निघालं, "थोडं जड ना?"

काका माझ्यापाशी आले. दांडा धरला. माझा पट्टा बंद होता, तरी ते त्याच्यावर चढले.

"नाही गं ताई," ते म्हणाले. "फार जड."

त्या खोलीत हे शब्द कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच कुणी उच्चारले. मग दांड्यावरचा हात सुटला. त्यांच्या गालाचं ओझं माझ्या पट्ट्यावर आलं, आणि तेवढंच शेवटचं ओझं मला त्यांच्याकडून मिळालं.

मागून हेडबाई धापा टाकत आल्या. "मोठ्या दाराने चला म्हणत होते मी! दंड धरून ओढत होते. ऐकेचनात. आधी सगळ्यांना उतरवलं, किल्ली काढून खिशात घातली, आणि म्हणाले, ताईला सांगायचंय."

स्ट्रेचर इमारतीच्या दुसऱ्या टोकाहून यायचं होतं. लिफ्ट वर अडकलेली. धावपळ झाली, आरडाओरडा झाला. त्यांना नेलं. ते परत आले नाहीत.

काही दिवसांनी त्यांची बायको आली. बारीक, ठेंगणी बाई. दारातच उभी राहिली. "त्यांचे बूट राहिलेत म्हणे इथे."

ताईने ते मांडणीवरून काढून दिले. बाईने ते हातात घेतले, उगीच उलटे करून बघितले, आणि तिची नजर तिथेच राहिली. उजवा बूट जवळजवळ नवा होता. डाव्याचा पुढचा भाग घासून घासून कापड दिसायला लागलं होतं.

"हा असा कसा झिजला?" तिने विचारलं.

ताईने रिकाम्या फळीकडे बघितलं. इतके दिवस तो बूट तिच्या डोळ्यांसमोरच्या फळीवर होता.

"तुम्ही विचारायचात ना त्यांना, रोज?"

"हो," ताई म्हणाली.

"मी पण विचारायची. जिना चढून आले की. थोडं जड, म्हणायचे. म्हटलं, तुम्ही तपासूनच पाठवलंय, तर असेल थोडं." तिने बूट पदराखाली घेतले. "तुम्ही त्यांच्या शब्दावर राहिलात, मी तुमच्या."

ती गेली. तिच्या पायांचा आवाज उतारावर बराच वेळ येत होता.

पुढच्या महिन्यात बाहेरगावचे डॉक्टर संशोधन बघायला आले. मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर रेषा दाखवल्या. एक रेषा काकांची होती, डावीकडून उजवीकडे चढत गेलेली, छान, सरळ. ताई मागे उभी होती. तिने सगळ्यांसमोर म्हटलं, "सर, ते काका वारले."

"हो, वाईट झालं," मोठे डॉक्टर म्हणाले. "पण ते कार्यक्रम संपल्यानंतर. आपल्या मुदतीत ते उत्तम होते." आणि त्यांनी पुढची रेषा दाखवली.

म्हणजे बघा. माणूस मेला तो मुदतीबाहेर मेला, म्हणून तो यशस्वीच राहिला. एवढी शिकलेली माणसं त्या खोलीत होती, एकाचीही मान खाली गेली नाही. चहा आला, तो प्याले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने दांड्यावरचा चिमटा काढला. तो इतके दिवस तिथे होता की खालचा रंग निघाला. त्या दिवशी हेडबाई सायकलवर बसल्या नाहीत, माझ्यावर चढल्या. ताईने चिमटा त्यांच्या पदराला लावला. मी चालू झाले. थोड्या वेळाने ताई जवळ आली.

"थोडं..." ती म्हणाली, आणि तिने जीभ चावली. मग विचारलं, "बाई, कसं वाटतंय?" एवढं विचारून ती गप्प राहिली. खरोखर गप्प. पाटीकडे बघितलं नाही, कागदाकडे बघितलं नाही. खाली, बाईंच्या पायांकडे बघत राहिली.

हेडबाई आणखी काही पावलं चालल्या. "जड," त्या म्हणाल्या. "छातीत नाही गं. पण जड आहे. थांबव."

ताईने दोरी ओढली. मी थांबले. मित्रांनो, मी चालण्यासाठी घडवलेली वस्तू आहे, पण माझ्या सगळ्या आयुष्यात मला ज्याचा अभिमान वाटावा असं ते थांबणं होतं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. लोक खरं बोलू लागले, तशी काहींची नावं कमी झाली, काहींना पुन्हा वर तपासायला पाठवलं, रेषा वाकड्यातिकड्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांना ते आवडलं नाही. ताईची दुसऱ्या विभागात बदली झाली. हेडबाई तिच्यासाठी भांडल्या, मग त्यांचीही मुदत संपली. नवी ट्रेडमिल आली, काचेचं तोंड असलेली, गाणी वाजवणारी. मला ढकलत जिन्याखाली आणलं. माझ्यावर पहिलं खोकं ठेवलं, मग दुसरं. त्यात जुन्या पाट्या आहेत. ती भिंतीवरची पाटी मात्र खोक्याखालीच राहिली आहे. तिचे शब्द माझ्या पट्ट्यावर पालथे पडले आहेत.

माझी धूळ पुसा असं मी म्हणणार नाही. पट्ट्याला तेल घाला, मला परत उजेडात न्या, असंही नाही. माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर त्याला विचारा, आणि विचारताना उत्तर त्याच्या तोंडात घालू नका. विचारून झालं की गप्प बसा. तुम्हाला हवं ते तो सांगेलच, माणूस मायेपोटी फार खोटं बोलतो. म्हणून त्याच्या चपला उलट्या करून बघा. आणि तुम्हालाच कुणी विचारलं आणि फार जड असेल, तर फार जड म्हणा. टाळ्या थांबतील. थांबू देत.

थांबा जरा. भिंतीपलीकडे ऐकू येतंय का? ती नव्या यंत्राची घरघर. कुणीतरी चालतंय, म्हातारं माणूस आहे, एक पाय घासतोय. आणि ही त्यांची नवी ताई, हसऱ्या आवाजाची.

"थोडं जड ना, आजी?"

आजी अजून बोलल्या नाहीत. मित्रांनो, माझ्याकडे काय बघताय? पळा. दार उघडा तिकडचं. आजींच्या तोंडाकडे बघू नका, आधी पाय बघा.